शंभर पावसाळे पाणी मोजणारं कासव

सकाळी साडेदहाला कसाऱ्यातून फोन आला. "ताई, घाट जाम आहे. कंटेनर आडवा झालाय. दुपारपर्यंत पोचेन असं काही वाटत नाही." कल्याणहून निघालेला आमचा खर्जातला आवाज घाटात अडकला होता आणि संध्याकाळी सहाच्या आत क्लायंटला फाइल जायला हवी होती.

नाशिकला गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत आमचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे फ्लॅटमधली एक बेडरूम, भिंतींना फोम, दाराला रबर. निवडणुकीच्या रिक्षांवरच्या घोषणा, द्राक्षांवरच्या औषधांचे व्हिडिओ, मंगल कार्यालयांच्या जाहिराती यांवर आमचं पोट. मधूनच एखादं लहान मुलांच्या ॲनिमेशनचं डबिंग येतं, तेव्हा मी संवाद लिहिते आणि रेकॉर्डिंगही घेते. पैसे कमी, पण मजा जास्त, म्हणून सोडवत नाही.

ही फिल्म अर्ध्या तासाची होती. शाळांतल्या टॅबवर जाणार होती. जंगलातलं तळं आटत चाललंय, कोण तरी रात्री पाणी चोरतंय, आणि ससा चोर शोधतो. सशाची मैत्रीण खार, गुरुजी घुबड, पाणी चोरणारा कोल्हा, त्याच्या हाताखालचं तरस, आणि तळ्याच्या काठावर बसून पाण्याची पातळी मोजणारं म्हातारं कासव. मूळ स्क्रिप्ट इंग्रजीत. तिच्यात हे कासव बाई आहे की बुवा, हे कुठेच कळत नाही, कारण ते फक्त "आय" म्हणतं. आधी झालेल्या हिंदी डबिंगमध्ये त्याचे 'कछुआ दादा' झाले आणि आम्हाला आदेश आला: हिंदीप्रमाणेच ठेवा, कासव आजोबा. त्यासाठीच कल्याणचा तो खर्ज बोलावला होता.

प्रत्यक्ष नटांच्या सिनेमात आवाज नटाबरोबर येतो. ॲनिमेशनमध्ये काहीच आपोआप येत नाही. चित्र मुकं असतं. कोण पुरुष, कोण बाई, कोणाचं बोलणं शहरी, कोणाचं गावाकडचं, हे सगळं टेबलावर ठरतं आणि बहुतेक वेळा दोन मिनिटांत ठरतं. मानधन काढायला आम्ही प्रत्येक पात्राची वाक्यं मोजतो, त्यामुळे आमच्या तक्त्यात कोण किती बोलतं ते उघड दिसतं. या फिल्ममध्ये ससा सगळ्यात वर. त्याच्या खाली कोल्हा, कासव, घुबड, तरस. खार सहावी, आणि तिची निम्मी वाक्यं "अय्या", "सावकाश हं" आणि "तू किती शूर आहेस" या जातीची. मूळ चित्रात खारीला डोळ्यांवर लांब पापण्या आणि कानात फूल. सशाला यातलं काही नाही. ससा हा ससा असतो. खारीला मात्र मुलगी म्हणून सजवावं लागतं.

गंमत म्हणजे त्या सशाचा आवाजही बाईचाच होता. या धंद्यात ते नेहमीचंच. मुलाचा आवाज बारा-तेराव्या वर्षी फुटतो आणि मालिका तर वर्षानुवर्षं चालतात. जपानमध्ये डोरेमॉनला १९७९ पासून २००५ पर्यंत नोबुयो ओयामा या बाईंनी आवाज दिला, अमेरिकेत बार्ट सिम्पसनही नॅन्सी कार्टराइट बोलतात. आपल्या नाशिककरांना याचं नवल वाटायचं कारण नाही. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हा तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाला साडी नेसवली. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर तेच साळुंके राम आणि तेच सीता. आणि १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये, म्हणजे फाळक्यांची कंपनी नाशिकला असताना, बाळकृष्ण झाली त्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी. तेव्हा सोंगाची अदलाबदल आपल्याकडे चालतच आली आहे. फक्त बाईनं मुलाचं सोंग घेतलं तरी तिच्या तोंडची वाक्यं मुलाच्याच खात्यात जमा होतात, हा त्यातला हिशेब.

तर घाट जाम. खारीचं काम करणारी पाचवीतली मुलगी येऊन बसली होती, बरोबर तिची आई. ही माउली सिडकोत पोळीभाजीचे डबे करते, मूळची सटाण्याकडची. दोघी पॅसेजमध्ये बसून वाक्यं घोकत होत्या. मुलगी खार, आणि बाकीचं सगळं जंगल आई. रेकॉर्डिस्टनं हेडफोन काढून कान टवकारले. "ताई, ऐका जरा. काकूंचं कासव ऐका."

मी दार उघडलं. काकू भिंतीला टेकून, डोळे मिटून म्हणत होत्या, "शंभर पावसाये झाले, मी या तय्याचं पानी मोजतेय. पन असं पानी नाही आटलं कधी."

खानदेशाकडच्या माणसाला हे सांगायला नको, इतरांसाठी सांगते: तिकडे 'ळ'चा 'य' होतो. शाळेची शाया, डोळ्याचा डोया. आवाज घोगरा, शब्द सावकाश, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी आणखी काही तरी माहीत आहे पण आत्ता सांगणार नाही, असा थांबा. मी इतक्या वर्षांत ऐकलेल्या म्हाताऱ्या कासवांत इतकं खरं कासव ऐकलं नव्हतं.

"काकू, माइकसमोर उभ्या राहाल?"

"मॅडम, मला सगयं पाठ झालंय. पन ते कासव बाप्या आहे ना?"

बाप्या होता तो फक्त आमच्या तक्त्यात. मराठीत वर्तमानकाळात "मी" म्हटलं की पुढचं क्रियापद माणूस ओळखून देतं. मोजतोय की मोजतेय, पहिल्याच वाक्याला पत्ते उघडे करावे लागतात. कासव हा शब्द नपुंसकलिंगी असला तरी बोलताना ते "मी मोजतंय" म्हणत नाही. इंग्रजीला हा प्रश्न शेवटपर्यंत पडत नाही, आपल्याला दहाव्या सेकंदाला पडतो. आणि पडला की हात सवयीनं 'तो'कडे जातो.

अडचण वेगळीच होती. ससा आणि घुबड आधीच रेकॉर्ड झाले होते आणि ससा सारखा "आजोबा" म्हणत होता. नशीब असं, की ससा कासवाशी "तुम्ही" म्हणून बोलतो. "तुम्ही सांगितलंत", "तुम्ही कुठे होतात" यात लिंग लागतच नाही, आदरार्थी रूप सगळं झाकून घेतं. म्हणजे फक्त हाका बदलायच्या. पण "आजोबा" म्हणताना 'बा'ला सशाचे ओठ मिटतात. "आजी" म्हटलं तर ओठ मिटलेले आणि आवाज उघडा, शेंबडं पोरही ओळखेल. शेवटी "आजीबाई" बसलं. अक्षर एक जास्त, पण 'बा' बरोबर जागेवर. सशाच्या बाईंना इंदिरानगरहून परत बोलावलं, त्या वैतागत आल्या आणि दहा मिनिटांत हाका बदलून गेल्या. घुबडाचं एकच वाक्य अडकत होतं, "आजोबा म्हणाले ते खरं आहे." ते मी "ऐकलंत ना? ते खरं आहे" करून टाकलं.

काकूंनी पहिल्या टेकला माइकच्या इतक्या जवळ तोंड नेलं की 'प' आणि 'फ' फुटायला लागले. रेकॉर्डिस्टनं त्यांना वीतभर मागे घेतलं, चप्पल काढायला लावली, बांगड्या काढायला लावल्या. मग मात्र त्या थांबल्याच नाहीत.

बाराच्या सुमाराला क्लायंटचे साहेब पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आले. पहिली दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "आवाज एक नंबर आहे. बाई आहे तर बाई, चालेल. पण मॅडम, ही भाषा कासवाला नको. कासव शहाणं आहे. या ताईंना तरस द्या ना. तिथं हा टोन धमाल येईल."

तरसाच्या संवादांपुढे स्क्रिप्टमध्ये कंसात लिहिलेलंच होतं: ग्रामीण टोन. हिंदीत त्याच तरसाला भोजपुरी वळण दिलं होतं. म्हणजे पाणी चोरणारा साहेब कोल्हा प्रमाण भाषेत, शहाणे गुरुजी प्रमाण भाषेत, नायक प्रमाण भाषेत, आणि बावळट नोकर तेवढा गावाकडचा.

हे आपल्याकडेच असं नाही. रोझिना लिप्पी-ग्रीन या भाषाभ्यासक बाईंनी १९९० च्या दशकात डिस्नेच्या २४ ॲनिमेशनपटांतली ३७१ पात्रं तपासली. अमेरिकी इंग्रजी बोलणाऱ्यांत वाईट पात्रं साधारण पाचात एक. परक्या वळणाचं इंग्रजी बोलणाऱ्यांत पाचात दोन. १९९२ चा 'अलादीन' आठवून पाहा: गोष्ट अरबस्तानातली, पण अलादीन आणि जास्मिन अमेरिकी पोरांसारखे बोलतात, अरबी हेल बाजारातल्या फेरीवाल्यांना. १९९४ च्या 'लायन किंग'मध्ये दोघे सख्खे भाऊ, पण भला मुफासा अमेरिकी आणि कपटी स्कार ब्रिटिश.

कोण किती बोलतं, त्याचाही हिशेब झालेला आहे. कार्मेन फॉट आणि कॅरन आयझेनहॉअर यांनी २०१६ साली डिस्नेच्या राजकन्यांच्या फिल्म्समधले शब्द मोजून दाखवले. १९३७ च्या 'स्नो व्हाइट'मध्ये बायका आणि पुरुष निम्मेनिम्म, १९५० च्या 'सिंड्रेला'त बायका ६० टक्के. आणि पुढे जेव्हा नायिका धीट झाल्या, तेव्हा उलटंच घडलं: १९८९ च्या 'लिटल मर्मेड'मध्ये पुरुष ६८ टक्के, 'अलादीन'मध्ये ९० टक्के. १९९८ च्या 'मुलान'मध्ये तर मुलगी अख्खा चीन वाचवते, तरी ७७ टक्के बोलणं पुरुषांचं. एक नायिका धीट केली, पण तिच्या भोवतालचा खेकडा, पोपट, ड्रॅगन, पहारेकरी, दुकानदार सगळे बुवाच राहिले. मला हे आकडे पटतात ते आमच्या तक्त्यामुळे. मुद्दाम कोणी बायकांना गप्प बसवत नाही हो. फुटकळ पात्राची पाटी कोरी असली की त्यावर 'तो' लिहिलं जातं, एवढंच, आणि अशी पंधरा पात्रं झाली की फिल्म भरते. कौतुकाचंही त्या दोघींनी पाहिलं: जुन्या फिल्म्समध्ये बायकांच्या वाट्याला आलेल्या कौतुकातलं ५५ टक्के रूपाचं, कर्तबगारीचं जेमतेम ११. अलीकडच्या फिल्म्समध्ये रूपाचं २२ वर आलं आणि कर्तबगारीचं ४० वर गेलं. म्हणजे बदलायचं म्हटलं तर बदलतं.

साहेबांना हे सगळं सांगायला वेळ नव्हता. मी एवढंच म्हटलं, "सर, बहिणाबाई पाठ्यपुस्तकात चालतात, मग कासवाच्या तोंडी का नको?" साहेब चांगले माणूस, चिडले नाहीत. म्हणाले, "मॅडम, पहिली-दुसरीची पोरं बघणार. 'ळ' कानावर नीट पडायला नको का?" हा मुद्दा मात्र बिनतोड होता. अक्षरओळख चालू असलेल्या पोराला पडद्यावर 'तळं' दिसणार आणि कानाला 'तयं' ऐकू येणार, तर बाईंनी वर्गात काय करायचं?

एवढ्यात आतून काकूंचा आवाज आला. रेकॉर्डिस्टच्या कोपराखाली टॉकबॅकचं बटण दाबलेलं राहिलं होतं आणि साहेबांचा शब्दन् शब्द काकूंच्या हेडफोनमध्ये जात होता.

"मॅडम, चोर आमच्यासारखं नाही बोलत. मागं मला फोन आला होता. बँकेतून बोलतोय म्हने. असं शुद्ध बोलत होता, जसा बातम्या देतोय. ताई, कृपया ओटीपी सांगा. त्या आमच्या शेजारनीचे अकरा हजार गेले."

पलीकडे पुण्यात साहेब खोखो हसायला लागले. मग हसता हसता गप्प झाले. "तरसाला तसं करून बघता येईल?"

तरस करणारा पोरगा इथल्या कालिदास कलामंदिरात नाटकं करतो. त्याला गावंढळ बोलायचा कंटाळा आला होताच. त्यानं नाकावर काल्पनिक चष्मा सरकवला आणि "नमस्कार, मी आपल्या तळ्याच्या ग्राहक सेवा विभागातून बोलतोय" असं सुरू केलं. हे वाक्य स्क्रिप्टमध्ये नव्हतं, पण तरसाचं तोंड फक्त उघड-मीट करणारं असल्यामुळे काहीही बसत होतं. खारीचं काम करणारी मुलगी म्हणाली, "आता मला याची भीती वाटते. आधी हसायला यायचं."

'ळ'वर तडजोड झाली. पडद्यावर जो शब्द लिहून येतो, तो काकूंनी 'ळ' लावून म्हणायचा, बाकी बोलणं त्यांचं. 'तळं' म्हणताना त्यांची जीभ मागे वळायला तयार होईना. लेकीनं काचेपलीकडून तोंड वाकडं करून दाखवलं, तेव्हा जमलं. हेल तसाच राहिला. आणि मी जाता जाता खारीच्या "तू किती शूर आहेस" मधली दोन वाक्यं काढून तिथं "पाइप कुठून येतोय ते मी बघून आलेय" घातलं, कारण चित्रात त्या वेळी खार खरोखरच झाडावरून खाली उतरत असते. ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

कल्याणचे बुवा चार वाजता आले, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले. त्यांना काय द्यावं हा प्रश्नच होता. तळ्यातल्या बेडकाची दोन वाक्यं शिल्लक होती, ती त्यांनी अशा काही खर्जात म्हटली की रेकॉर्डिस्टला पातळी कमी करावी लागली. मानधन त्यांनी पूर्ण घेतलं, आणि ते रास्तच होतं. घाट काही त्यांनी अडवला नव्हता.

फाइल सहाला दहा मिनिटं असताना गेली. काकूंच्या पैशांना मात्र महिना लागला. क्लायंटच्या अकाउंट्सकडून बिल परत आलं: वर्क ऑर्डरमध्ये पात्राचं नाव 'कासव आजोबा' आहे, तुमच्या बिलात 'कासव आजीबाई' आहे, नाव जुळत नाही. वर्क ऑर्डर बदलायची तर नवी मंजुरी, नवी सही. मग मी नवीन बिल केलं आणि त्यात टाइप केलं, "कासव आजोबा, आवाज: स्त्री." ते पास झालं. काकूंनी व्हाउचरवर सही करताना ते वाचलं, टीडीएस किती कापला ते विचारलं, आणि पुढच्या फिल्मला घुबड रिकामं आहे का, तेही विचारून गेल्या.