शेवटचं टिंब

ऑगस्टमधला शुक्रवार. घणसोलीला उतरून शेअर रिक्षा मिळेपर्यंत निम्मा भिजलो होतो, म्हणून महापेच्या ऑफिसात आधी चहा, मग काम, असं ठरवलं होतं. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. पण नौपाड्यातल्या एका पतसंस्थेचा मेल सर्व्हर बदलायचा होता, झोन फाइलमधली, म्हणजे डोमेनमधलं कुठलं नाव कुठे न्यायचं त्या यादीतली, एकच तर ओळ! ओल्या बाह्यांनीच ती बदलली, फाइलचा सिरियल नंबर (आवृत्तीचा क्रमांक) वाढवला आणि चहाला गेलो.

या फाइलमध्ये पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्यावं लागतं. ते टिंब म्हणजे रूट, सगळ्या नावांचं मूळ. ते नसलं की सर्व्हर नाव अर्धवट समजतो आणि पुढे डोमेन पुन्हा जोडतो. माझं टिंब राहिलं. पतसंस्थेचे मेल आता अशा पत्त्यावर निघाले, ज्यात तिचं नाव दोनदा होतं. असा सर्व्हर जगात कुठेच नव्हता.

वीस मिनिटांत मॅनेजरकाकांचा फोन. "अहो, आम्हाला पाठवलेले मेल लोकांना परत जातायत."

टिंब द्यायला अर्धं मिनिट लागलं. आमच्या दुय्यम, म्हणजे फाइलची प्रत ठेवणाऱ्या, सर्व्हरांनी चुकीची फाइल इमानेइतबारे उतरवून घेतली होती, तीही लगेच सुधारली. पण बाहेरच्या रिझॉल्व्हरांच्या, म्हणजे लोकांसाठी नावांचे पत्ते शोधणाऱ्या सर्व्हरांच्या, कॅशेत (तात्पुरत्या साठ्यात) चुकीचं उत्तर जाऊन बसलं होतं आणि टीटीएल, म्हणजे उत्तर साठवून ठेवायचा काळ, होता ८६४०० सेकंद, म्हणजे २४ तास. तो आदल्या दिवशी ३०० वर आणायचा, हे आमच्या चेकलिस्टमध्ये पहिल्याच ओळीत आहे. चेकलिस्ट मीच लिहिलीय.

मुलाखतीला आलेल्या पोरांना मी ऐटीत सांगतो: रूट सर्व्हरची नावं ए ते एम अशी १३च, पण एनीकास्टमुळे, म्हणजे एकच पत्ता अनेक सर्व्हरांना देता येतो म्हणून, त्यांच्यामागे जगभर दीड हजारांहून जास्त सर्व्हर उभे आहेत. ऑक्टोबर २००२ मध्ये तेराही नावांवर एकदम हल्ला झाला, तरी सामान्य माणसाला फारसं जाणवलं नाही, कारण बरीचशी उत्तरं आधीच कॅशेत होती. तीच कॅश आज माझ्या मुळावर उठली होती.

मॅडमना सांगितलं. त्या हसल्याच. "तुझी एक पतसंस्था गेली. २००९ मध्ये असंच टिंब राहिलं आणि स्वीडनची डॉट एसईमधली सगळी नावं बंद पडली होती." मग शांतपणे म्हणाल्या, "चुकीचं नावच खरं कर."

डोक्यात प्रकाश पडला. ते दुप्पट नाव शेवटी आमच्याच झोनमधलं होतं. त्याच नावाची नोंद करून तिला नव्या सर्व्हरचा पत्ता दिला. "असं नाव नाही" हे उत्तरही कॅशेत राहतं, पण आमच्याकडे त्याची मुदत तासाभराचीच होती. साडेबाराच्या सुमारास मेल यायला लागले. परत गेलेले मात्र गेलेच. काकांनी एकेकाला फोन करून ते पुन्हा मागवले.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, नक्की झालं काय? मी म्हटलं, एक टिंब राहिलं.

"आमच्याकडे टिंब हललं तर ऑडिटर येतो," काका म्हणाले.

ती दुप्पट नावाची नोंद मी सोमवारपर्यंत काढली नाही.