चौथं चाक

परवा दुपारी गाडी पहिल्यांदा टेबलावर उभी केली आणि ती तीनच चाकांवर उभी राहिली. चौथं, म्हणजे मागचं डावं, अधांतरी. फार नाही, खालून पोस्टकार्ड सरकेल एवढंच, पण मी खरंच सरकवून पाहिलं आणि ते खरंच सरकलं, मग काय, दिवस गेला.

गाडी म्हणजे लोटस ४९, फॉर्म्युला वनची जुनी रेसिंग कार. खरी नाही हो, प्लास्टिकची, एब्रो या जपानी कंपनीची किट, विसाव्या हिश्श्याची, म्हणजे जेमतेम वीतभर. घरी येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "चालते का?" नाही म्हटलं की दुसरा प्रश्न, "मग केवढ्याची?" किंमत सांगितली की तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, नुसतं माझ्याकडे बघतात.

आता चाक का उचललं ते मला माहीत आहे, तेच तर दुःख आहे. या गाडीची गंमतच अशी की हिच्यात चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, मागपर्यंत जातच नाही. ड्रायव्हरच्या पाठीशी संपते. त्याच्यामागे थेट इंजिन बोल्टांनी जोडलेलं, फोर्ड कॉसवर्थ डीएफव्ही, तीन लिटरचं व्ही-८, आणि मागची चाकं, सस्पेंशन, गिअरबॉक्स सगळा संसार त्या इंजिनाला लटकलेला. लोटसचा कर्ताधर्ता कॉलिन चॅपमन, त्याचं डोकं ते, वजन वाचवायचं तर इंजिनालाच सांगाडा करून टाका. जून १९६७ मध्ये हॉलंडच्या झांडफूर्टला ही गाडी पहिल्यांदा रेसमध्ये उतरली आणि जिम क्लार्कनं पहिल्याच दिवशी जिंकून दाखवली. सगळं खरं, पण याचा अर्थ असा की मॉडेलमध्येसुद्धा इंजिन केसभर तिरपं चिकटलं की मागची दोन्ही चाकं तिरपी, आणि माझं चिकटलं तिरपं.

कारण मे महिना. बाहेर ४५, आत कूलर. कूलर चालू ठेवला तर तांदळाएवढे पार्ट उडतात (एक आरसा असाच गेला, मोबाईलचा टॉर्च लावून पलंगाखाली अर्धा तास रांगलो, शेवटी दुसऱ्या दिवशी झाडूत सापडला), आणि बंद केला तर नाकाच्या शेंड्यावरून घाम बरोबर इंजिनावर टपकतो. मी बंद केला. चिकटवायच्या त्या पातळ सोल्यूशनचं असं असतं की ब्रश नुसता फटीला टेकवायचा, ते आपोआप आत पळतं आणि प्लास्टिकच विरघळवून एकजीव करतं, म्हणजे चुकलं तर सोडवायची सोय नाही. जाणकार लोक अशा वेळी गाडी काचेवर ठेवतात, चारही चाकं टेकलीत का बघतात, मग हात सोडतात. मी घाम पुसायला हात सोडला.

एक मात्र सांगतो, डिकल लावायला नागपूरसारखं गाव नाही. ते स्टिकर कोमट पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचे असतात, इथे टाकीच्या नळाला दुपारी जे पाणी येतं त्यात चहा होईल. हिरव्या रंगावर पिवळा पट्टा असा बसला की विचारू नका.

आणि पट्ट्यावरून आठवलं, सीटबेल्ट. दोन दिवस शोधत होतो, वाटलं किटमध्ये एक पार्ट कमी आला. मग लक्षात आलं की ६७ साली हे लोक बेल्ट बांधतच नसत. क्लार्क तसाच बसायचा. पुढच्याच एप्रिलमध्ये हॉकेनहाइमला फॉर्म्युला टूच्या रेसमध्ये त्याचा जीव गेला, गाडी ही नव्हती, दुसरी होती. ती रिकामी सीट रंगवताना मी उगाच ब्रश हळू फिरवला.

तर चाक.

असंच एक चाक मी आधी पाहिलंय. मी दुसरीत असेन, तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, महालातल्या आमच्या गल्लीत सगळे पोट्टे आपापले नंदी घेऊन उभे. कोणाचा नंदी गुडघ्याएवढा, शिंगांना झिरमिळ्या, गळ्यात घुंगरू. माझा लहानसा, लाल ऑइलपेंटचा, आदल्या रात्रीचा पेंट म्हणून हाताला चिकटणारा, आणि त्याचं मागचं एक चाक टेकत नव्हतं. ओढला की डुगडुग डुगडुग, मग कलंडायचा. मी रडायला लागलो. बाबा काही बोलले नाहीत, सायकलची जुनी ट्यूब आणली, कात्रीनं तिची बांगडीसारखी गोल चकती कापली आणि ताणून त्या एका चाकावर चढवली. एकाच चाकावर. नंदी टेकला. तीन चाकं खडखड वाजायची आणि चौथं चूप, आणि पोरं ओरडायची, "याच्या बैलाले टायर बे!" बोजारा, म्हणजे पोरांना मिळणारा खाऊचा पैसा, दोन रुपये मिळाला, त्याचं काय खाल्लं आठवत नाही, पण ती चकती कापताना बाबांनी जीभ दातात धरली होती ते आठवतं.

परवा मी पोस्टकार्ड सरकवत बसलो होतो तेव्हा बाबा दुपारची झोप काढून बाहेर आले. आता चष्म्यातूनही त्यांना नीट दिसत नाही. त्यांनी वाकून बघितलं, बोटानं गाडीचा एक कोपरा दाबला, टक, दुसरा दाबला, टक. पुन्हा तेच. माझ्यापेक्षा आधी त्यांना समजलं असावं, बोटानंच.

"ट्यूब आहे का घरात जुनी?"

"बाबा, सायकल कुठे आहे आता आपल्याकडे."

"हो ना," म्हणाले. थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग म्हणाले, "कूलर काहून बंद केला रे? चालू कर, आन् पाणी टाक त्याच्यात."