सीताफळाचं चूर्ण

"डॉक्टर, सीताफळ मला बंद आहे ना? मग त्याचं चूर्ण कसं चालतं?"

आजोबांनी पिशवीतून चूर्णाची डबी, स्टीलचा चमचा आणि रक्तातली साखर टिपायची वही काढून टेबलावर ओळीने मांडली. आकडे आठवडाभर चढतेच होते. दहा दिवसांपूर्वी खोकल्यासाठी मीच त्यांना सितोपलादी चूर्ण दिलं होतं. बरेच जण त्याला ‘सितोफलादी’ म्हणतात. आजोबांनी थेट सीताफळच गाठलं. मला हसू आलं.

"अहो, फळाचा काही संबंध नाही. सित म्हणजे पांढरा, उपल म्हणजे दगड, खडा. सितोपला म्हणजे पांढरा खडा, म्हणजे आपली..."

खडीसाखर. हसू तिथेच जिरलं. केसपेपरच्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरात ‘मधुमेह, १२ वर्षं’ असं लिहिलेलं होतं.

जुने आयुर्वेदाचार्य शार्ङ्गधर यांची ही कृती कॉलेजपासून तोंडपाठ आहे: खडीसाखर १६, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. दर पायरीला निम्मं. ३१ भागांत १६ भाग साखर, आणि ती नावातच सगळ्यांच्या पुढे उभी! ‘आदि’ म्हणजे ‘वगैरे’, हे परीक्षेत लिहून मी मार्कही मिळवलेत.

आजोबांचा चमचा शीग लावून भरला नि काट्यावर ठेवला. ४.५ ग्रॅम. दिवसातून चारदा. म्हणजे रोज ९ ग्रॅमच्या वर साखर.

"कशातून घेता?"

"मधातून. तुम्हीच म्हणालात. चांगला दोन चमचे घेतो. मध म्हणजे काय साखर थोडीच?"

म्हणजे चूर्णापेक्षा मधानेच जास्त घोळ घातला होता. शिवाय आजारपणात साखर तशीही चढते. पण मधुमेह लिहून घेऊन पुढे विसरलो तो मी. तसं त्यांना सांगितलं.

"असू दे. दुसरं द्या."

हात सवयीने तालीसादीकडे, खोकल्याच्याच दुसऱ्या चूर्णाकडे, गेला, तो मागे घेतला. तिथे ४८ भागांत ३२ साखर, आणि नाव मात्र तालीसपत्राचं. त्या मानाने सितोपलादी प्रामाणिक.

रक्तदाब पाहिला, ठीक होता. चघळायला ज्येष्ठमधाच्या काड्या दिल्या, त्याही मोजून, आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना उद्याच वही दाखवा म्हटलं.

आजोबांनी काडी उजेडात धरून उलटसुलट केली.

"आणि यात मध किती?"