पेन्शन आल्यावर बंदुकीचं काम

इन्फन्ट्रीत होतो तेव्हा रायफल खोलायची, पुसायची, परत जोडायची, बस्स. त्यापुढचं सगळं आर्मररचं, म्हणजे पलटणीतल्या हत्यारं दुरुस्त करणाऱ्याचं. त्यामुळे रिटायर झाल्यावर लायसन असलेल्या दुकानात कामाला लागलो तेव्हा लोकांना वाटलं फौजी आहे म्हणजे याला सगळं येत असणार. कसलं काय, इन्सास (आमची फौजेतली रायफल) डोळे मिटून खोलेन पण बारा बोरची दुनळी समोर आली की तिच्या आतलं सगळंच नवीन, शिकवायला कोणी नाही, मग जुन्या भंगार बंदुका खोलून बघत बसायचं.

कोकणातून बंदुका येतात त्यांना पावसाने खाल्लेलं असतं, वरून चकचकीत आणि दस्त्याखाली लोखंडाला गंजाचा पापुद्रा. नळी आणि ॲक्शन (नळी मिटून जिथे बसते तो मागचा भाग) नीट बसत नसेल तर काजळी लावायची, बंद करायची, उघडून बघायचं काळं कुठे उमटलंय, आणि फक्त तेवढंच घासायचं, तेही बारीक. जास्त घासलं की बंदूक गेली. लाकूड अक्रोडाचं असेल तर जवसाचं तेल, हाताने चोळून, घाई अजिबात नाही (दुकानात येऊन पॉलिश मारून द्या म्हणणाऱ्यांवर मला मनापासून राग येतो).

गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक शेतकरी, डुक्कर-माकडांनी वैतागलेले, नाहीतर बँकेचे गार्ड, तेही आपलेच माजी सैनिक. आणि हो, घरी करून द्या म्हणून फोन करू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही लायसन लागतं, गिऱ्हाइकाचं वेगळं, दुकानाचं वेगळं.