नीरो का फुगला, इम्गबर्न का टिकला

डावीकडे कोरी सीडी, उजवीकडे आपल्या फायली, खाली किती जागा भरली ते दाखवणारी पट्टी. सीडी लिहिण्याच्या नीरो बर्निंग रॉम या सॉफ्टवेअरची ही खिडकी ज्यांनी वापरली, त्यांना त्यापुढचं काहीच शिकावं लागलं नाही. जर्मनीतल्या अहेड सॉफ्टवेअरचं हे काम खरोखरच उत्तम होतं.

तेव्हा सीडी राइट करणं जोखमीचं होतं. लिहिण्याचा वेग एक्समध्ये मोजत: १एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी, म्हणून ८एक्सला १.२ एमबी. रायटरचा बफर, म्हणजे लिहायचा डेटा तात्पुरता ठेवणारी मेमरी, २ एमबीचा असेल, तर हार्ड डिस्क दोन सेकंद अडखळली तरी तो रिकामा व्हायचा, लेझरला लिहायला काही उरायचं नाही आणि सीडी बाद. यालाच बफर अंडररन म्हणत. त्यामुळे राइट चालू असताना माउसलाही कोणी हात लावत नसे. २००० च्या सुमारास सॅन्योचं बर्न-प्रूफ हे ड्राइव्हमधलं तंत्र आलं. डेटा संपला की लेझर थांबतो, जागा लक्षात ठेवतो आणि तिथूनच पुढे लिहितो. पाठोपाठ २००१ मध्ये विंडोज एक्सपीतच सीडी राइट करायची सोय आली.

अवघड भाग असा ड्राइव्हने आणि विंडोजने उचलल्यावर विकायचं काय? मग नीरो ६, नीरो ७ करत व्हिडिओ एडिटर, प्लेअर, बॅकअप, कव्हर डिझायनर असं सगळं त्यात भरलं गेलं. नीरो ७ मधलं स्काउट तर मागे बसून फायलींची सूची बनवत राही आणि मशीन जड करी. ज्याला फक्त एक डीव्हीडी लिहायची आहे, त्याच्यावर हा अन्याय होता. सीडी लिहिण्याचं दुसरं सॉफ्टवेअर बनवणारी रॉक्सिओ ही कंपनीही त्याच वाटेने गेली. पुढे पेन ड्राइव्ह स्वस्त झाले, लॅपटॉपमधून डिस्क ड्राइव्हच गेला.

२००५ मध्ये आलेलं इम्गबर्न हे सॉफ्टवेअर मात्र फुकट, काही एमबींचं आणि डिस्क लिहिण्याच्या एकाच कामाचं. २०१३ चं २.५.८.० हे त्याचं शेवटचं व्हर्जन आजही चालतं. इन्स्टॉल करताना सोबत येणारं जाहिरातीचं सॉफ्टवेअर तेवढं नाकारा.

आज डिस्क लिहायचीच असेल, तर १६एक्सची डीव्हीडी ८एक्सवर लिहा आणि व्हेरिफाय (लिहिलेलं परत वाचून तपासणं) चालू ठेवा. ४.७ जीबीची डिस्क विंडोजला ४.३८ जीबीच दिसते, तेव्हा काठोकाठ भरू नका. एकच फाइल ४ जीबीहून मोठी असेल तर यूडीएफ ही फाइल सिस्टिम निवडा. गाडीतल्या जुन्या प्लेअरसाठी ऑडिओ सीडीच करा. तिथे एमपी३ चा आकार मोजायचा नाही, मिनिटं मोजायची: कमाल ८०. गाण्यांमध्ये दोन सेकंदांची पोकळी नको असेल तर डिस्क-ॲट-वन्स (सगळी डिस्क एका दमात लिहिणं) घ्या. मल्टिसेशन, म्हणजे एकाच सीडीवर वेगवेगळ्या वेळी लिहिणं, शक्यतो टाळा: पहिलं सेशन बंद करताना सुमारे २२ एमबी जातात, पुढच्या प्रत्येकाला सुमारे १३, आणि बरेच जुने प्लेअर पहिल्या सेशनपुढे वाचतच नाहीत.