वासरू पडलेलं म्हणजे आजारी नव्हे, साहेब!

गोठ्याच्या कर्जाचा दुसरा हप्ता मिळण्याआधी तपासणी होते. आमचा गोठा दापोलीकडे. सातबारा, फोटो, कानातला १२ अंकी बिल्ला, सगळं बिनबोभाट पार पडलं. घोडं अडलं ते वासरांवरून.

साहेब आले भर दुपारी. पाड्या पेंढ्यावर आडव्या. यांनी दारातूनच पाहिलं आणि लिहिलं, 'वासरे सुस्त, हालचाल कमी.' झालं! अहो, काही आठवड्यांचं वासरू दिवसातले १६ ते १८ तास पडूनच असतं. उलट पावसाळ्यात खाली ओल आली की ते बसायला तयार नसतं, काळजी तेव्हा करायची. कार्यालयात हे सांगितलं तर उत्तर, "डॉक्टरांचं पत्र आणा." आणलं. ताप नाही, हगवण नाही, नाळ सुकलेली. तर म्हणे, "यात हालचालीबद्दल काहीच नाही." कार्यालयाच्याच फॉर्मात हालचालीचा रकानाच नव्हता, शेरा मात्र नेमका हालचालीचा! साहेब कधी दौऱ्यावर, कधी मीटिंगला. शेवटी खिडकीवरच्या ताईंनीच सुचवलं, "दादा, फेरतपासणीचा अर्ज द्या." अर्जाची पोच घ्याच. माझ्याकडे होती म्हणून पुढचं निभावलं.

फेरतपासणीची वेळ मी मागून घेतली, संध्याकाळची. दूध पाजून झालं, मोकळ्या जागेत ताजा पेंढा टाकला आणि पाड्या सोडल्या. शेपट्या वर करून जे उधळल्या! मागच्या लाथा हवेत, पेंढ्यात डोकं घुसवणं, एकमेकींना ढुशा. उपाशी किंवा दुखणाईत वासरू आधी खेळणं सोडतं, हे डॉक्टरांनी साहेबांना तिथेच समजावलं. (डॉक्टरांना सोबत ठेवा. आपलं कोणी ऐकत नाही.)

शिंगं वाढू नयेत म्हणून ती डागल्यावर लगेच तपासणी लावू नका. बधिर करून डागलं तरी औषध उतरलं की दुखतं, वासरू कान फडफडवतं, डोकं झटकतं, खेळत नाही. तेव्हाचा 'सुस्त' शेरा मात्र खरा असेल, आणि इलाज वेदनाशामकाचा.

साहेबांनी आणखी एक विचारलं, आणि तो प्रश्न रास्त होता. एक पाडी दुसरीचा कान चोखत होती. दूध बादलीतून भराभर संपतं, चोखायची ओढ मात्र त्यानंतरही काही मिनिटं राहते. आता आम्ही बोंडाच्या बाटलीने पाजतो आणि रिकामं बोंड थोडा वेळ तोंडात राहू देतो. कान चोखतात म्हणून वेगवेगळ्या बांधू नका. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात शिकवलेला नियम बदलल्यावर सोबतीने वाढलेली वासरं नवा लवकर शिकली, एकटी मागे पडली.

नवा शेरा 'वासरे चपळ' असा मिळाला. तोही समासात, कारण रकाना अजून नाहीच. हप्ता जमा झाला. तुमची तपासणी दुपारची लागली असेल, तर आदल्या संध्याकाळचा व्हिडिओ मोबाईलवर तयार ठेवा, तारीख-वेळ दिसेल असा.