वारज्यातला वन बीएचके आणि तीन भाडेकरू

सांगलीचं घर विकलं तेव्हा भावाने माझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं नाही. हे स्टाफरूममध्ये सांगितलं तर दोघीतिघींना खरंच वाटेना. त्यांच्या माहेरी सही करून झालेली होती, साडीचोळी घेऊन. माझ्या वाटणीला २७ लाख आले. यजमान म्हणाले एफडी कर, भाऊ म्हणाला सोनं घे. मला मात्र एकदा तरी इंडेक्स टूवर, म्हणजे घराच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, स्वतःचं नाव बघायचं होतं. लग्नानंतरची अकरा वर्षं आम्ही पुण्यात भाड्याने काढली, पाच घरं बदलली. घरमालक होणं म्हणजे दर महिन्याला कुणीतरी पैसे आणून देणं, अशी माझी तेव्हाची समजूत होती.

२०२२ च्या जानेवारीपासून शनिवार-रविवार घरं बघत हिंडले. धायरी, नऱ्हे, कर्वेनगर, वारजे मिळून सतरा घरं पाहिली. नवीन बांधकामाचा नाद लवकर सोडला, कारण ताबा मिळेपर्यंत भाडं नाही आणि वर जीएसटी. जुन्या तयार घराला तो लागत नाही. नऱ्ह्यात एक फ्लॅट चार लाखांनी स्वस्त मिळत होता. एजंट म्हणाला, "मॅडम, भोगवटा पत्राचं काय घेऊन बसलात, वीस वर्षं लोक राहतायत इथे." लोक राहतात हे खरंच, पण इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा तो दाखला नाही म्हणून तिथे बँक कर्ज द्यायला तयार होईना. बँकेला जे नको ते मलाही नको, एवढं गणित मला जमतं.

शेवटी वारज्यात २००४ सालच्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके ठरला, ३८ लाखांना. वकिलांनी मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च घेतला. सोसायटीचं मानीव अभिहस्तांतरण झालेलं होतं, म्हणजे जमीन बिल्डरच्या नावावर लटकलेली नव्हती. शेअर सर्टिफिकेट होतं, थकबाकी नसल्याचा दाखला मिळाला. विकणाऱ्या काकांचं थोडं कर्ज बाकी होतं, त्यामुळे मूळ कागद त्यांच्या बँकेत. ते सुटून हातात यायला तीन आठवडे गेले.

नावाचा घोळ इथे झाला. यजमानांना वाटत होतं, घर दोघांच्या नावावर घ्यावं. पण पुण्यात मेट्रोचा अधिभार धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के, आणि घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट. ३८ लाखांवर ते ३८ हजार होतात. त्या काळी या सवलतीला एक शेपूटही होतं: पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. (ती अट २०२३ मध्ये काढली.) मला विकायचंच नव्हतं. मग २ लाख २८ हजार मुद्रांक शुल्क, ३० हजार नोंदणी फी, एजंटचे ३८ हजार आणि सोसायटीची ट्रान्स्फर फी २५ हजार. दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात अंगठा देताना समोरचा मुलगा म्हणाला, "कॅमेऱ्यात बघा काकू." त्या फोटोत मी प्रश्नपत्रिका फुटल्यासारखी दिसते.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, ओटा, वायरिंग, रंग यांत १ लाख ६० हजार गेले. म्हणजे ३८ चं घर मला जवळजवळ ४३ ला पडलं. सहा लाख साठवलेले होते, दहा लाखांचं कर्ज काढलं. हप्ता साडेअकरा हजार, भाडं चौदा हजार येणार. कागदावर छान दिसत होतं. त्याच वर्षी मे महिन्यापासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, वाढवायला सुरुवात केली आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत तो ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. बँकेने माझा हप्ता हलवला नाही, मुदत हलवली. दहा वर्षांचं कर्ज गुपचूप बाराकडे सरकलं. मला ते वर्षभराने स्टेटमेंट नीट वाचल्यावर कळलं.

पहिले भाडेकरू बँकेत नोकरी करणारं जोडपं. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, हीच त्यांची थोरवी. एजंटने लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येऊन लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेकराराची, ऑनलाइन नोंदणी केली, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती भरली, दोन्हीकडून एकेक महिन्याचं भाडं घेतलं आणि गेला. अकरा महिन्यांनी जोडप्याची नाशिकला बदली झाली.

दरम्यान सोसायटीशी एक चकमक झाली. मेंटेनन्सच्या बिलात 'नॉन ऑक्युपन्सी', म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून, महिना हजार रुपये लावलेले. सेक्रेटरी म्हणाले, ठराव झालाय. मी १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाची प्रत घेऊन गेले. त्यात स्पष्ट आहे, हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. माझं सेवा शुल्क १३५० होतं. सेक्रेटरींनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि पुढच्या बिलात १३५ आले. तेव्हापासून ते मला जिन्यात ओळख देत नाहीत. महिन्याला ८६५ रुपये वाचत असतील तर मला चालतं.

आता दुसरा भाडेकरू. हा शाळेतल्या सहकारी बाईंच्या ओळखीतला. ओळखीतला म्हणून मी एजंट टाळला, आणि एजंट टाळला म्हणून नोंदणीही. शंभरच्या स्टँपवर अकरा महिन्यांचा करार, नोटरीचा शिक्का, झालं. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हे मी इतक्या तोंडांतून ऐकलं होतं की ते तपासावंसंही वाटलं नाही. महाराष्ट्रात ते खोटं आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. त्याहून वाईट पुढचं आहे. नोंदवलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरायचं, जोवर मी उलट सिद्ध करत नाही.

चार महिने भाडं वेळेवर आलं. पाचव्या महिन्यात "काकू, पगार लांबलाय." सहाव्यात तेच. सातव्यात फोन उचलायचं बंद झालं. मी गेले तर दार त्याच्या आईने उघडलं, मला बसायला सांगितलं, सरबत दिलं. माझ्याच घरात मी पाहुणी होऊन बसले आणि पैशाचा विषय काढायला माझी जीभ उचलेना. आठव्या महिन्यात वकिलांकडे गेले. करार बघून त्यांनी विचारलं, "नोंदणी?" मग थोडा वेळ ते काही बोललेच नाहीत. म्हणाले, नोंदवलेला करार असता तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे गेलो असतो. तिथे तो करार हाच पुरावा असतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांचं भाडं दुप्पट मागता येतं. आता दिवाणी दावा, किती वर्षं ते विचारू नका.

दावा करावा लागला नाही, यात माझी हुशारी शून्य. त्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि एका रविवारी किल्ली शेजारच्यांकडे ठेवून ती माणसं गेली. चार महिन्यांचं भाडं ५६ हजार आणि महावितरणचं बिल ३८०० थकलेलं, माझ्याकडे अनामत ४० हजार. म्हणजे १९,८०० रुपयांना बसले. वाचवलं काय होतं? चौदा हजार भाड्याच्या अकरा महिन्यांच्या कराराला पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क चारशेच्या आत-बाहेर, महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार, बाकी करून देणाऱ्याची मजुरी. सगळे मिळून अडीच हजार. सहकारी बाई अजून माझ्याशी डबा वाटून खात नाहीत, जणू पैसे मीच बुडवले.

त्या उन्हाळ्यात घर दोन महिने रिकामं होतं आणि मी वहीत सगळा हिशेब मांडला. वर्षाचं भाडं १ लाख ६८ हजार. एक महिना रिकामा धरला तर १ लाख ५४ हजार. त्यातून मेंटेनन्स, एजंट, प्लंबर आणि महापालिकेचा मिळकत कर वजा. मालक स्वतः राहत असेल तर पुण्यात या करात ४० टक्के सवलत असते, घर भाड्याने दिलं की ती जाते. प्राप्तिकराला भरलेला मिळकत कर आणि ३० टक्के सरसकट वजावट मिळते, तेवढा आधार. सगळं जाऊन हातात सव्वा लाखाच्या आत राहतात, म्हणजे गुंतवलेल्या रकमेवर पावणेतीन टक्के. यजमानांनी वही पाहिली आणि 'एफडी' हा शब्द तोंडातून काढला नाही. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी दाखवलेला हा सगळ्यात मोठा संयम.

तिसरी भाडेकरू हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, परभणीची. सोबत आई असते. सोसायटीत कुजबुज झाली, दोघीच बायका, रात्रपाळी वगैरे. मी सेक्रेटरींना नोंदवलेल्या कराराची आणि पोलिसांकडे भरलेल्या माहितीची प्रत दिली, चर्चा केली नाही. या वेळी करार चोवीस महिन्यांचा. भाडं साडेपंधरा, वर्षाने पाच टक्के वाढ, अनामत ५० हजार, पहिले सहा महिने कुणी सोडायचं नाही, पुढे एक महिन्याची नोटीस. नळाचं वॉशर तिने बदलायचं, भिंतीतली पाइपलाइन मी. गीझर, पंखे, ट्यूब, जाळीची दारं, सगळ्यांची यादी जोडली आणि फोटो काढून तिलाही पाठवले. सही करण्याआधी तिने करार शेवटपर्यंत वाचला आणि एक चूक दाखवली: वीज मीटरचा नंबर चुकला होता. तेव्हाच मला बरं वाटलं.

गेल्या दिवाळीत भाऊ सांगलीहून आला. म्हणाला, घर दाखव की. मी नर्सबाईंना फोन करून विचारलं, चालेल का. त्यांच्या आईने चकलीची ताटली पुढे केली. भाऊ कॉटच्या कडेला अवघडून बसला होता, परक्या घरात बसतात तसा. भिंतीवरच्या एका मोळ्याकडे बघून त्याने मला हळूच विचारलं, "हा यांनी ठोकला की आधीचाच?" मी म्हटलं, यादीत आहे, आधीचाच.